पॅडलवर मी, गाडीखाली तू

माणिक, आधी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढं बोलायला तोंड मोकळं होईल. तू जिंकलास. परवा शनिवारी माझ्या जीपच्या क्लचचं ऑइल काढलं, ते काळं निघालं. सर्दीच्या काढ्यासारखं काळं, आणि तळाला गाळ. मी ते काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरलं. पलीकडचं बोटसुद्धा दिसेना.

अठरा वर्षं चाललेला वाद हा. तू म्हणायचास, "मास्तर, हे ऑइल हवेतलं पाणी पितंय. दोन वर्षाला बदलायचं म्हंजे बदलायचं." आणि मी, हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस, छाती पुढं काढून विचारायचो, "बंद डब्यात पाणी येणार कुठनं, माणिक?"

"तुझ्या डोक्यात हवा जिथनं शिरती, तिथनंच."

हे तू हसून म्हटलं असतंस तर मी सोडून दिलं असतं. पण तू हसायचा नाहीस. बसवकल्याणात उमरग्याच्या रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये तू असा चेहरा करून बसायचास, जणू येणारी प्रत्येक गाडी तुझ्याकडं फिर्याद घेऊन आली आहे आणि चूक गाडीवाल्याचीच आहे, हे तुला आधीच माहीत आहे. बहुतेक वेळा ते खरंही असायचं. माझ्या बाबतीत तर नेहमीच.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. काल तुझं जलदान झालं. शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत जे घडलं ते तुला सांगायचं आहे, कारण त्यात ऑइल आहे, तुझी आई आहे आणि अर्थातच माझा गाढवपणा आहे. तिन्ही तुझे विषय.

पण आधी खंडेनवमीचं सांगू दे. तुला ते पाठ आहे, तरी सांगतो.

जीप घेतली त्याच वर्षीची गोष्ट. खंडेनवमीला मी ती धुतली, झेंडूचा हार घातला, बॉनेट उघडलं आणि आत जेवढी झाकणं दिसली तेवढ्यांना हळदकुंकू लावलं. मग मनात आलं, आज सणाचा दिवस, घरात सगळे पोटभर जेवलेत, हिनं कामून उपाशी राहावं? इंजिन ऑइलचा अर्धा डबा घरात होता. इंजिनात ओतलं. शेजारी एक छोटा पांढरा डबा दिसला, त्यातलं ऑइल रेघेच्या खाली गेलेलं. म्हटलं, हे लेकरू तर फारच उपाशी. त्यालाही काठोकाठ भरलं. नमस्कार केला आणि घरात येऊन पुरणपोळीवर झोपलो.

चौथ्या दिवशी क्लचचं पॅडल खाली गेलं ते वर येईना. गाडी ढकलत तुझ्याकडं आणली. तू डब्याचं झाकण काढलंस, बोट बुडवलंस, दोन बोटांत चोळलंस, वास घेतलास. मग माझ्याकडं बघितलंस. ती नजर मी अजून विसरलो नाही. वर्गात मी पोरांकडं तसं बघायचो.

"ह्यात काय वतलास?"

"ऑइल."

"कुठलं?"

"इंजिनाचं. सण होता ना."

तू बोट चिंधीला पुसलंस. मग म्हणालास, "मास्तर, सणाला जेवू माणसाला घालतेत. क्लचला न्हाई."

तेव्हा तू मला पहिल्यांदा समजावून सांगितलंस की क्लचमध्ये ब्रेकचं ऑइल लागतं, इंजिनाचं नाही. इंजिनाच्या ऑइलनं आतले रबरी वायसर फुगतात, भिजलेल्या हरभऱ्यासारखे, आणि अडकून बसतात. पाय दाबला की ऑइल नळीतून खाली जातं, खालच्या पिस्टनला ढकलतं, क्लच सुटतो. मध्ये तार नाही, साखळी नाही. नुसतं ऑइल. द्रवाच्या दाबाचा नियम. तो मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेन, देव जाणे, आणि माझ्याच गाडीत तो पांढऱ्या डब्यात बसला होता, हे मला तुझ्याकडून कळलं. सगळे वायसर बदलावे लागले. नळी धुवावी लागली. तुझ्या गॅरेजात महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट ऐकायला मिळाली. तू सांगितली नाहीस. मीच सांगितली. स्वतःची फजिती दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपणच चांगली सांगावी, हे माझं धोरण.

त्या दिवशी मी पहिल्यांदा पॅडलवर बसलो. ऑइल बदललं की नळीत हवा अडकते, ती काढावी लागते. तू गाडीखाली आडवा, हातात दहाचा पाना. मी वर, पाय पॅडलवर. तुझ्या उस्तादानं तुला हे काम गुलबर्ग्यात कानडीतून शिकवलेलं, त्यामुळं तू जन्मभर कानडीतच हुकूम सोडलास. "ओत्तू!" म्हणालास की मी दाबायचं. "हिडी!" म्हणालास की दाबून धरायचं. तू खाली नळीच्या टोकाचं निपल सैल करणार, हवा फुसकन बाहेर, निपल बंद. मग "बिडू!" म्हणालास की पाय सोडायचा. त्याआधी पाय उचलला तर हवा परत आत. सगळं पहिल्यापासून.

सोपं काम. अडचण एकच, मी. मला गप्प बसून पाय दाबता येत नाही. "हिडी" झालं की मी काहीतरी सांगायला लागायचो. गोष्ट रंगात आली की हात उठायचे, हात उठले की पायही उठायचा. खालून तुझा आवाज: "मास्तर! तुझं पाय बी बोलतंय का?" हवा आत. पुन्हा ओत्तू. पुन्हा हिडी. अर्ध्या तासाचं काम तीन तास चालायचं. मला तुझे फक्त बूट दिसायचे. मधेच तुझ्या हातातून पाना खाली पडायचा, खण्ण करून. मला वाटायचं, माणिकचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. तसं मी एकदोघांना बोललोही. त्याबद्दलची माफी पुढं मागतो.

दर दोन वर्षांनी असं चाललं. गेल्या दिवाळीत तू घरी आलास, दारातूनच म्हणालास, "गाडी आण. दोन वरीस उलटून गेलंय." मी म्हटलं, "चाललंय की. कशाला उगीच?" संक्रांतीला पुन्हा म्हणालास. मी म्हटलं, "शिवरात्र होऊ दे." तोवर तुझी तब्येत खाली आली. त्या दिवसांत माझ्या डब्यातलं ऑइल कमी व्हायला लागलं होतं. तुझा नियम मला माहीत होता. तो तू माझ्या कानात खिळ्यासारखा ठोकला होतास: ऑइल कमी झालं तर वरनं वतायचं न्हाई, आधी गेलं कुठं ते हुडकायचं. मी हुडकलं नाही. मी ओतलं. दर पंधरा दिवसाला थोडं, तुझ्या नजरेआड, चोरून. तुझ्या आजारपणात तुला तसदी नको, असं स्वतःला सांगत. खरं कारण साधं होतं. तुला दाखवलं असतं तर तू अंथरुणातून उठून गाडीखाली गेला असतास, आणि मला ते बघवलं नसतं. ह्यातलं अर्धं तरी खरं मान.

आता शुक्रवारचं.

तू गेलास तेव्हा तुझी आई येऊ शकली नाही. माय गावाकडं तुझ्या धाकट्या भावाजवळ, तिला ताप भरलेला. डॉक्टरनं उठू दिलं नाही. तिला तुझं तोंड बघायला मिळालं नाही. जलदानाला तरी यायचंच, असं तिनं निरोप दिला, आणि सोबत एक अट घातली. दुसऱ्या कुठल्या गाडीत चढणार नाही. मोतीबिंदूच्या वेळी मला चढता यावं म्हणून माणक्यानं जिला लोखंडी पायरी वेल्ड करून बसवली, ती मास्तरची जीप आणा. तिचे गुडघे इतर कुठल्याच गाडीत चढत नाहीत. तुझ्या घरात सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "मी आणतो." कसला विश्वास होता माणिक, तुला काय सांगू! असा विश्वास मला फक्त मी चुकणार असतो तेव्हाच वाटतो.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी बाहेर काढली. चौकात पाय दाबला, पॅडल जमिनीला टेकलं. तिथंच राहिलं. गिअर पडेना. मागं बस, बसच्या मागं उसाची ट्रॉली, आणि मी मध्ये. बसचा कंडक्टर खिडकीतून ओरडला, "अण्णा, गाडीत झोपलाव का?" चार जणांनी ढकलून गाडी बाजूला घेतली. तिथून तुझ्या घरापर्यंत आणखी चार जणांनी. उघडून बघितलं तर पांढरा डबा रिकामा. गिअरबॉक्सजवळचा खालचा सिलिंडर ओलाचिंब. कितीतरी महिने तिथूनच गळत होतं आणि मी वरून पाजत होतो.

रविवारी सकाळी माय यायला हवी होती. हातात एक दिवस.

तुझी लेक सुजाता शनिवारी कडगंचीहून आली. तिथं विद्यापीठाच्या कॅम्पसात प्रयोगशाळेत आहे ती, काचेच्या नळ्यांमध्ये. तुझ्यासारखीच, तोंडातून शब्द काढायचा म्हणजे कुणीतरी मोजून दिलाय असं वाटतं. मी हुमनाबादहून वायसरचं किट आणि ऑइलचा सीलबंद डबा आणला. सीलबंदच. उघडा डबा तू कधी वापरू दिला नाहीस. दोघांनी मिळून खालचा सिलिंडर खोलला. वायसर कुरतडल्यासारखा झाला होता. तिनं नवा बसवला, मी बघितलं. ह्या कामात माझा वाटा एवढाच, आणि तो मी चोख बजावला. नळीत उरलेलं जुनं ऑइल काढलं, तेव्हाच मला कळलं की तू जिंकलास.

मग हवा काढायची वेळ आली. मी शर्ट काढला, पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरायला लागलो. म्हटलं, आज तुझ्या जागी मी. सुजाता पॅडलवर बसेल, मी "ओत्तू" म्हणेन.  तेवढ्यात ती म्हणाली, "काका, हे काय करायलाव?"

"हवा काढायलोय. दोन माणसं लागतात."

"कशाला? बाटली हाय की."

ती तुझ्या पत्र्याच्या पेटीतून एक जुनी प्लास्टिकची बाटली घेऊन आली. झाकणाला भोक, त्यातून पारदर्शक रबरी नळी. "नळी निपलला लावायची. दुसरं टोक बाटलीत ऑइलात बुडवायचं. मग वरनं हळूहळू पॅडल मारत राहायचं. हवा बुडबुड्यानं बाहेर येती, परत आत जात न्हाई. आप्पा एकटेच काढायचे, सगळ्या गाड्यांची."

"सगळ्या?"

"तुमची सोडून."

माणिक, मी पोत्यावर उघडाच बसलो होतो. शांतावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या. त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी नजर चुकवली नाही.

"वहिनी, ह्याला मी पॅडलवर कशाला लागायचो मग?"

त्यांनी तांब्या उंबऱ्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "ह्यांना माणसांसमोर हसता येत नव्हतं. लहानपणापासून. तुम्ही गोष्ट सांगायला लागलाव की गाडीखाली जाऊन हसायचे. बाहेर आले की डोळे पुसत. मी विचारलं की म्हणायचे, ऑइल गेलं डोळ्यात."

तो पाना. खण्ण करून पडणारा. हातात दम राहिला नव्हता म्हणून नाही पडायचा. हसू आवरत नव्हतं म्हणून पडायचा. आणि मी तुझ्या हाताबद्दल दोघांना बोललो होतो. ती माफी आता मागतो. त्या दोघांनाही गाठून सांगितलं की माझी चूक होती. एकानं विचारलं, कशाची? मी म्हटलं, सगळ्याचीच.

पण मला एक विचारायचं आहे. बाटली लावली असती तरी मी गोष्ट सांगितलीच असती. पाय उचलला असता तरी हवा आत गेली नसती. तुला तीच गोष्ट शांतपणे ऐकता आली असती. मग मला ओत्तू-हिडी-बिडू का शिकवलंस? मी ह्यावर दोन दिवस विचार केला. विज्ञान शिकवणाऱ्याला उत्तर सापडायला दोन दिवस लागतात. बाटलीनं काम पंधरा मिनिटांत संपलं असतं. मी पाय उचलायचो तेव्हाच ते तीन तास चालायचं.

तू ते तीन तास हवेत म्हणून मुद्दाम लांबवत होतास, आणि मला वाटत होतं मी तुझं काम बिघडवतोय. तू माझ्याकडून एवढा शहाणपणा करून घेतलास आणि मला कळू दिला नाहीस. मी तुझ्यावर चिडायचं ठरवलं होतं, पण जमेना.

सुजाताला मी म्हटलं, "आज बाटली नको. आपण दोघं करू, तुझ्या आप्पाच्या पद्धतीनं."

ती माझ्याकडं तुझ्यासारखं बघायला लागली. "काका, उद्या आजीला आणायचंय. रडणं नंतर." आणि नळी निपलला लावायला गाडीखाली गेली.

मी निमूटपणे पॅडलवर बसलो. हळूहळू दाबत होतो. खालून बाटलीत बुडबुडे येत होते, त्यांचा बारीक आवाज ऐकू येत होता. दहा-बारा वेळा दाबून झाल्यावर खालून आवाज आला, "काका, ती खंडेनवमीची सांगा ना. मी नीट कधी ऐकलीच न्हाई. आप्पा आम्हाला कामाला पिटाळायचे."

मी सांगितली. हात उठले, पाय उठले, काही बिघडलं नाही. पुरणपोळीपाशी आलो तेव्हा गाडीखालून हसण्याचा आवाज आला. मोठा, मोकळा. ती तुझ्यावर गेलेली नाही ह्या बाबतीत, आणि मला ते फार बरं वाटलं. बुडबुडे थांबले. पायाखाली पॅडल घट्ट झालं, विटेसारखं.

रविवारी पहाटे निघालो. आळंदच्या पुढं, कडगंचीच्या अलीकडं फाट्यावरून आत, तुरीच्या शेतांमधून. माय अंगणात पांढरं लुगडं नेसून बसली होती. पायरीवर पाय ठेवला, दांडा धरला, चढली. कुणाचा हात घेतला नाही.  बसवकल्याणात शिरलो तेव्हा तिनं विचारलं, "गाडीचं काय मोडलं व्हतं म्हणं?"

"क्लच, माय."

"कुणी नीट केलं?"

"सुजीनं. मी बसलो होतो."

"तू बसायचाच," ती म्हणाली.

तुझ्या घरात पांढऱ्या कपड्यांतली माणसं, मेणबत्त्या, पंचशील. माय तुझ्या फोटोसमोर बराच वेळ बसली. रडली नाही, असं नाही. पण तिनं सगळं बघितलं. तुझा चेहरा तिला फोटोतला का होईना बघायला मिळाला, ओंजळीतलं पाणी तुझ्या नावानं तिच्या हातून पडलं. माझ्यावर सोपवलेल्या कामांपैकी हे एक तरी मी वेळेवर केलं. तू हे लक्षात ठेव, कारण मी पुढं पुष्कळ वेळा सांगणार आहे आणि दर वेळी त्यात थोडी भर पडणार आहे.

संध्याकाळी तिला परत सोडायला गेलो. उन्हं कलली होती. अंगणाशी गाडी थांबवली, ती पायरीवरून उतरली, पदर सारखा केला. मला वाटलं आता आशीर्वाद देईल. ती वळली आणि म्हणाली, "मास्तर, बुधवारी काय करायलास?"

"काही नाही, माय. का?"

"सुजीचं ते मोठं कालेज मला बघायचंय. कडगंचीचं. सगळं गाव बघून आलं, म्या न्हाई."

"येतो की. आठला येतो."

"उन्ह चढतंय आठला. साडेसहा."

"माय, बसवकल्याणहून यायचं म्हटलं तर—"

"साडेसहा," ती म्हणाली आणि आत गेली.

तुझी आई आहे, माणिक. साडेसहा म्हणजे सहाच. चारला उठावं लागणार.